पांढऱ्या पेशी १२,८००, ताप नाही, सिगारेट आहे: हा रिपोर्ट कसा वाचायचा?

प्रश्न थोडक्यात असा. वय ३८, चाकणला शिफ्टची नोकरी, दहा-बारा वर्षांपासून दिवसाला १२ ते १५ सिगारेटी. कंपनीच्या वार्षिक तपासणीत पांढऱ्या पेशी १२,८०० आल्या आणि पुढे ठळक अक्षरात ‘हाय’ छापून आलं. ताप नाही, खोकला ‘नेहमीचाच’. ओळखीच्या डॉक्टरांनी पाच दिवस अँटिबायोटिक दिलं, पुन्हा तपासलं तर १२,५००. मित्र म्हणतो, पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक, जास्त आहेत म्हणजे तुझी इम्युनिटी भारी. नेटवर शोधलं तर थेट ब्लड कॅन्सर. यातलं खरं काय आणि सिगारेट सोडली तर आकडा खाली येईल का, असं तुम्ही विचारलंय.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. सव्वीस वर्षं तालुक्याच्या गावात लॅब चालवतो. निम्मा दिवस मायक्रोस्कोपला डोळा लावण्यात जातो आणि उरलेला ‘डॉक्टर, काही वाईट नाही ना?’ याची उत्तरं देण्यात. तुमच्यासारखा रिपोर्ट आठवड्यातून एक-दोनदा तरी हातात येतोच. मित्र चुकतोय. नेटही बहुधा चुकतंय. हा ‘बहुधा’ मी जाणूनबुजून घातलाय, तो का ते पुढे येईल.

आधी आकडा नीट वाचू. मोठ्या माणसात एका क्युबिक मिलिमीटर रक्तात, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबात, साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. त्यांचे प्रकार असतात. तुमच्या रिपोर्टात न्यूट्रोफिल (जंतूंवर आधी धावून जाणाऱ्या पेशी) ६८ टक्के, लिम्फोसाइट २४, मोनोसाइट ५, इओसिनोफिल ३ असं आहे. टक्केवारी पाहिली तर सगळं जागच्या जागी, म्हणून लोक बुचकळ्यात पडतात. टक्के नुसते बघायचे नसतात, एकूण आकड्याशी गुणायचे असतात. १२,८०० चे ६८ टक्के म्हणजे ८,७०४ न्यूट्रोफिल. ही संख्या सात-साडेसात हजारांपर्यंत ठीक धरतात. बाकीच्या पेशी आपापल्या हद्दीत किंवा काठावर आहेत. म्हणजे वाढ मुख्यतः न्यूट्रोफिलची आहे आणि ती माफक आहे.

त्याच कागदावर हिमोग्लोबिन १७.२ आहे. त्यावर तुम्ही खूश असाल, कारण आपल्याकडे हिमोग्लोबिन कमी असणं हीच बातमी असते. पण माझी नजर आधी तिथेच गेली. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपट ओढीने चिकटतो. तेवढं हिमोग्लोबिन कामातून बाद होतं आणि शरीर ती तूट भरून काढायला तांबड्या पेशी वाढवतं. वाढलेले न्यूट्रोफिल आणि वरच्या टोकाला टेकलेलं हिमोग्लोबिन ही जोडी दिसली, की मी रिपोर्टवर सही करण्याआधी काउंटरवरच्या मुलाला विचारतो, ‘पेशंट ओढतो का रे?’ उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ असतं.

हे काही नवं ज्ञान नाही. ओढणाऱ्यांच्या पांढऱ्या पेशी जास्त असतात हे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून वैद्यकीय नियतकालिकांत येतंय. सरासरीने बोलायचं तर ही वाढ वीस ते तीस टक्के असते, आणि सिगारेटी जास्त तसा आकडा जास्त. ज्याचा आकडा एरवी साडेनऊ-दहा हजार राहिला असता, तो अशाने सहज बारा हजारांवर जातो. माझाच दाखला देतो. एमडी करत असताना नव्या काउंटर मशीनवर नॉर्मल नमुना म्हणून मी मोठ्या उत्साहाने स्वतःचं रक्त दिलं. आकडा आला ११,९००. आमच्या सरांनी कागदाकडे पाहिलं, माझ्या खिशातल्या पाकिटाकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘नॉर्मलसाठी दुसरं कुणीतरी शोध, तू तर धुराडं आहेस.’ पुढे तीन वर्षांनी मी सोडली, पण त्या दिवशीचा कागद अजून जपून ठेवलाय.

आता मित्राचं म्हणणं. पेशी का वाढतात हे कळलं की ‘इम्युनिटी भारी’ हे आपोआप निकालात निघतं.

रक्तातले सगळे न्यूट्रोफिल वाहत नसतात. जवळपास निम्मे रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला टेकून असतात आणि ते मोजणीत येत नाहीत. निकोटीनने ॲड्रेनलिनसारखी द्रव्यं वाढली की हे टेकलेले सुटतात आणि प्रवाहात येतात. एकही नवी पेशी तयार न होता आकडा फुगतो. जिना धावत चढलात, भांडलात, सुईला घाबरलात तरी थोड्या वेळापुरतं हेच होतं.

दुसरं कारण खोलवरचं आहे. फुप्फुसाच्या वायुकोशांत मॅक्रोफेज नावाच्या पेशी असतात, झाडूवाल्याच म्हणा. आत आलेली धूळ, जंतू, मेलेल्या पेशी गिळायचं त्यांचं काम. प्रत्येक झुरक्यासोबत त्यांच्यावर कण येऊन आदळतात आणि त्या धोक्याची रसायनं सोडतात. ती रक्तातून हाडांच्या आत, बोन मॅरोपर्यंत पोचतात आणि तिथे निरोप जातो: माणसं पाठवा. मॅरो पाठवतो. तसंही तो रोज शंभर अब्जांच्या आसपास न्यूट्रोफिल बनवतच असतो. रोजच घाई झाली की पुरते तयार न झालेलेही बाहेर पडतात. तुमच्या प्लांटमध्ये दिवसाला पंधरा वेळा सायरन वाजला आणि प्रत्येक वेळी ट्रेनी पोरांनाही लाइनवर उभं केलं, तर हजेरीपट भरेल. उत्पादन वाढेलच असं नाही.

बरं, हे कोवळे न्यूट्रोफिल जातात कुठे? फुप्फुसातल्या केशवाहिन्या न्यूट्रोफिलपेक्षा अरुंद असतात, त्यामुळे पेशीला अंग चोरून, लांबट होऊन सरकावं लागतं. धुराच्या संपर्कातले आणि कोवळे न्यूट्रोफिल ताठर असतात, ते तिथे अडकतात. धूम्रपान चालू असताना न्यूट्रोफिल फुप्फुसात जास्त वेळ रेंगाळतात हे १९८९ मध्ये माणसांवरच्या अभ्यासातून दिसलं होतं. अडकलेली पेशी गप्प बसत नाही. तिच्याकडे इलास्टेज नावाचं विकर असतं, जंतूंची आणि ऊतींची प्रथिनं तोडणारं. त्याला आवर घालायला शरीरात अल्फा-वन-अँटिट्रिप्सिन असतं, पण धूर ते निकामी करतो. मग वायुकोशांच्या लवचीक भिंती हळूहळू विरत जातात. एम्फिसीमा म्हणतात तो हाच, आणि विरलेली भिंत परत येत नाही. मित्राला सांगा, तुझे सैनिक माझ्याच घराच्या भिंती पोखरतायत.

इथे एक गोष्ट जवळून दाखवतो. ब्रॉन्कोस्कोपीत, म्हणजे श्वासनळीत दुर्बीण घालून करायच्या तपासणीत, फुप्फुसाचा एक भाग सलाइनने धुतात आणि ते पाणी आमच्याकडे येतं. न ओढणाऱ्याच्या पाण्यातले मॅक्रोफेज फिकट, फेसाळ, मोकळे दिसतात. ओढणाऱ्याच्या पाण्यात ते संख्येने कितीतरी पट जास्त असतात आणि एकेकाच्या पोटात तपकिरी-काळे कण ठासून भरलेले असतात, चहाच्या गाळणीत तळाशी उरतो तसा चोथा. स्लाइड पाहून माणूस ओढतो हे न विचारता कळतं. पण त्या भरल्या पोटी पेशीसमोर नवा जंतू आला तर ती त्याला नीट गिळत नाही, गिळला तर नीट मारत नाही. संख्या वाढली, काम घटलं. माझं सगळं उत्तर या एका स्लाइडवर मावतं.

बाकीची पडझड भराभर सांगतो. श्वासनळीतल्या सूक्ष्म केसांची, सिलियांची, हालचाल मंदावते, त्यामुळे कफ वर ढकलला जात नाही आणि सकाळी खाकरून काढावा लागतो. रक्तातल्या आयजीजी या मुख्य प्रतिपिंडाची पातळी ओढणाऱ्यांत दहा ते वीस टक्के कमी आढळते. ॲलर्जीशी संबंधित आयजीई मात्र वाढलेली असते. कर्करोगाच्या आणि विषाणू शिरलेल्या पेशी टिपणाऱ्या नॅचरल किलर पेशी सुस्तावतात. हिरड्या आतून सडत असतात, पण त्यातून रक्त कमी येतं, म्हणून माणसाला वाटतं दात ठणठणीत आहेत.

आणि हे सगळं कागदावर राहत नाही. अमेरिका-कॅनडात झालेल्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एरवी धडधाकट असलेल्या १८ ते ६४ वयाच्या लोकांत, न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जंतूच्या, रक्तापर्यंत पोचणाऱ्या गंभीर संसर्गाचा धोका ओढणाऱ्यांना चौपट निघाला. न ओढता धुरात बसणाऱ्यांनाही अडीचपट. गॅलरीत उभं राहून ओढलं की घरच्यांना त्रास नाही असं वाटणाऱ्यांनी हा दुसरा आकडा लक्षात ठेवावा. डेन्मार्कमध्ये स्वयंसेवकांच्या त्वचेवर मुद्दाम छोट्या जखमा करून पाहिलं, तर ओढणाऱ्यांच्या १२ टक्के जखमा चिघळल्या, कधीच न ओढलेल्यांच्या २ टक्के. चार आठवडे सिगारेट बंद केल्यावर हे प्रमाण घटलं. म्हणून तर हर्नियाच्या साध्या ऑपरेशनआधीही सर्जन ‘महिनाभर बंद’ म्हणतात. तो उपदेश नसतो, टाके वाचवायची धडपड असते.

आपल्या देशात सगळ्यात वर टीबी येतो. टीबीचा जंतू राहतोच मुळी मॅक्रोफेजमध्ये, आणि आपण पाहिलं की धुराने कोणती पेशी सगळ्यात आधी बिघडते. चेन्नईच्या डॉ. गजलक्ष्मी आणि ऑक्सफर्डचे रिचर्ड पेटो यांच्या गटाने तमिळनाडूतल्या ४३,००० पुरुषांच्या मृत्यूंचा मागोवा घेऊन २००३ मध्ये निष्कर्ष काढला, की भारतात मध्यम वयाच्या पुरुषांच्या टीबी मृत्यूंपैकी निम्म्यांमागे धूम्रपान आहे. सिगारेट म्हटलं की आपल्याला कॅन्सर आठवतो, टीबी कुणाच्या डोक्यात येत नाही.

इथवर वाचून ‘म्हणजे इम्युनिटी कमी होते’ असं म्हणाल, तर तेही पुरतं बरोबर नाही. प्रतिकारशक्ती हे पंख्याच्या रेग्युलेटरसारखं एक बटण नाही. ज्याच्यात तशी जनुकं आहेत त्याला सिगारेटमुळे रूमॅटॉइड आर्थ्रायटिसचा, म्हणजे शरीराने स्वतःच्याच सांध्यांवर उठायचा, धोका वाढतो. जंतूंवर हात ढिला आणि स्वतःच्या सांध्यांवर घट्ट, असा तो उफराटा कारभार. गंमत म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस हा आतड्याचा आजार ओढणाऱ्यांत कमी दिसतो आणि सोडल्यावर काहींना उफाळतो. त्याचाच भाऊबंद क्रोन्स मात्र सिगारेटने बिघडतो. कुणी लगेच कोलायटिससाठी म्हणून पेटवू नये, हिशेब कुठूनही केला तरी तोट्याचाच आहे.

आता ब्लड कॅन्सरची भीती आणि माझा ‘बहुधा’.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या ब्लड कॅन्सरमध्ये न्यूट्रोफिल वाढतात हे खरं, पण तिथे चित्र वेगळं असतं. आकडा बऱ्याचदा पन्नास हजार, लाख असा असतो, बेसोफिल हा एरवी अगदी थोडा असणारा पांढऱ्या पेशींचा प्रकार वाढलेला असतो, स्लाइडवर मायलोसाइटसारख्या लहान वयाच्या पेशींची रांग दिसते, प्लीहा हाताला लागते. शंका आलीच तर रक्तातूनच बीसीआर-एबीएल ही तपासणी होते. सिगारेटमध्ये बेंझिन असतं आणि त्यामुळे अक्यूट मायलॉइड ल्युकेमियाचा धोका वाढतो, हेही खरं. पण त्यात सहसा हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट घसरलेल्या असतात. तुमचं हिमोग्लोबिन १७.२ आहे, प्लेटलेट नॉर्मल आहेत, दोन तपासण्यांत आकडा जागेवर आहे. हे ल्युकेमियाचं रूप वाटत नाही. तरीही स्लाइड मी पाहिलेली नाही. आणि मशीनने ‘हाय’ म्हटल्यावर कुणीतरी स्लाइड डोळ्यांनी पाहायला हवी, ती पाहिली का हे तुमच्या रिपोर्टवरून कळत नाही. लॅबला ‘पेरिफेरल स्मिअर’ मागा. लीशमनच्या डायने रंगवलेली काच, पंधरा-वीस मिनिटांचं काम. तिच्यात बेसोफिल, कोवळ्या पेशी किंवा ब्लास्ट (अगदीच अपक्व पेशी) नाहीत असं लिहून आलं की निम्मी काळजी मिटते.

जाता जाता एक. सिगारेट ओढणाऱ्या मध्यमवयीन बायकांमध्ये क्वचित न्यूट्रोफिलऐवजी लिम्फोसाइट वर्षानुवर्षं वाढलेले सापडतात आणि काहींत एकाच पेशीत दोन केंद्रकं दिसतात. कॅन्सर वाटावा असं दृश्य, पण सहसा तो निघत नाही. माझ्या काचेखाली हे आजवर एकदाच आलंय. बाईंनी ‘मी ओढते’ हे सांगायला तीन भेटी लावल्या, आणि सांगितल्यावर गुंता पाच मिनिटांत सुटला. लॅबमध्ये खरं बोलावं, आम्ही घरी कळवत नाही.

‘बहुधा’चं दुसरं कारण असं, की सगळी वाढ सिगारेटच्या नावावर खपवणं हीही चूक असते. किडलेली दाढ, गुडघ्यात घेतलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन, दम्याचा पंप, सुटलेलं पोट, आदल्या रात्रीची नाइट शिफ्ट करून धापा टाकत दिलेला नमुना, यातलं काहीही आकडा हलवू शकतं. वजन उतरतंय, रात्री घामाने गादी भिजते, मानेत-काखेत गाठ लागते, डाव्या बरगडीखाली जड वाटतं, किंवा महिन्यागणिक आकडा चढतोय, यातलं काही असेल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवून हिमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे रक्तविकारतज्ज्ञाकडे, जा. यातलं काही नसताना नुसत्या आकड्यासाठी अँटिबायोटिक देणं मला पटत नाही. ताप नाही, घसा नाही, लघवीला जळजळ नाही, मग गोळी कोणत्या जंतूसाठी? तुमच्या बाबतीत १२,८०० चे १२,५०० झाले, त्याला फरक म्हणत नाहीत. तोच नमुना मशीनवर दोनदा लावला तरी थोडं इकडेतिकडे होतं.

बिडी, मिश्री, तंबाखूचं काय, असं कुणी विचारेलच. बिडी त्यात मोडतेच. पानाची गुंडाळी विझू नये म्हणून झुरके जास्त आणि खोल घेतले जातात. मिश्री-मळलेल्या तंबाखूत जळका धूर फुप्फुसात जात नाही, त्यामुळे पांढऱ्या पेशी अशा वाढलेल्या सहसा दिसत नाहीत. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात ओढणारे ४ टक्क्यांहून कमी आणि चघळणारे-लावणारे २४ टक्क्यांच्या वर निघाले होते. म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक तंबाखूवाल्यांचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा हा रिपोर्ट, बिनबोभाट नॉर्मल येतो. त्यांचा हिशेब रक्तात दिसत नाही, तोंड उघडल्यावर दिसतो.

शेवटचा प्रश्न, सोडली तर आकडा उतरेल का. उतरतो. काही आठवड्यांत उतरायला लागतो. किती आणि किती लवकर, हे किती वर्षं ओढलीत यावर आहे, आणि काहींचा आकडा बराच काळ थोडा वरच रेंगाळतो. गेल्या वर्षी इथल्याच एका एसटी ड्रायव्हरचा १३,१०० होता, सोडल्यावर तिसऱ्या महिन्यात १०,२०० आला. दुसऱ्या एकाचा सहा महिन्यांनीही ११,४०० च होता, आणि त्याने खरंच सोडली होती. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटच्या गटाने हजार निरोगी माणसांच्या रक्तावरचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात दिसलं, की प्रतिकारशक्तीचा तात्काळ धावून जाणारा भाग सोडल्यावर लवकर पूर्ववत होतो, पण टी आणि बी पेशींचा, आठवण ठेवणारा भाग वर्षानुवर्षं धुराची खूण बाळगतो. जनुकांच्या वरची रासायनिक नोंद बदललेली असते. तेव्हा चाळिशीच्या आत सोडण्याला वेगळी किंमत आहे.

एक आगाऊ सूचना. सोडल्यावर पहिले काही आठवडे खोकला आणि कफ वाढू शकतो, कारण सिलिया जाग्या होऊन साचलेलं बाहेर काढायला लागतात. तोंडही येतं बऱ्याच जणांना. ‘सोडली आणि आजारी पडलो’ म्हणून परत टपरीवर जाणारे मी पाहिलेत. महिनाभर काढा. एकट्याने जमत नसेल तर पाकिटावरच छापलेला १८००-११-२३५६ हा नंबर फुकट आहे.

नमुना पुन्हा द्यायचा असेल तर तीन महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये, सकाळी. त्याआधी सिगारेट नाही, आणि येऊन दहा मिनिटं खुर्चीत शांत बसायचं. लग्नाआधीचा, नोकरीला लागतानाचा एखादा जुना सीबीसी कपाटात सापडला तर तोही आणा. तुमचा मूळ आकडा काय होता ते त्याच्याइतकं दुसरं काही सांगत नाही.

मात्र तुमच्या प्रश्नात मला १२,८०० पेक्षा जास्त टोचलेला शब्द वेगळाच आहे: खोकला ‘नेहमीचाच’. आकड्यासाठी तीन महिने थांबता येईल, खोकल्यासाठी नको. दोन आठवड्यांच्या वरचा खोकला म्हटला की छातीचा एक्स-रे आणि टीबीसाठी थुंकी. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते. जमलं तर फुंकून करायची स्पायरोमेट्रीही करून घ्या, भिंती किती शाबूत आहेत ते तिच्यात कळतं. थुंकी सकाळी उठल्याबरोबरची द्या. आधी साध्या पाण्याने चूळ भरा, दोन-तीन खोल श्वास घ्या आणि छातीतून खाकरून काढा. डबीत नुसती लाळ आली तर आम्ही परत पाठवतो.